आधी जाडी तार

"सर, पोरं अकरापर्यंत येतील. तेवढी त्याची पेटी उघडून पुसून ठेवता का? मला नाही उघडवत," सिस्टर म्हणाल्या. माझ्या हातात एक पिवळं फडकं दिलं आणि त्या रवा भाजायला आत निघून गेल्या.

त्यांचं नाव सुगंधा सातपुते. चौतीस वर्षं दवाखान्यात नर्स होत्या, त्यामुळे मिरजेत आमच्या भागात सगळे त्यांना सिस्टरच म्हणत. मीही तेच म्हणायचो. मी शाळेत संगीत शिकवत होतो आणि त्यांचा मुलगा अनोश वयाच्या नवव्या वर्षापासून माझ्याकडे यायचा. पुढं तो पुण्याला गेला आणि 'अवकाळी' नावाच्या बँडमध्ये बास वाजवू लागला. बास म्हणजे चार जाड तारांचं, खर्जात बोलणारं गिटार. त्यांच्या संगीताला हेवी मेटल म्हणतात हे मला त्यानंच सांगितलं. सिस्टर एकदा त्याच्या कार्यक्रमाला गेल्या होत्या, कानात दवाखान्यातला कापूस घालून.

जानेवारीत तो चार दिवस मिरजेला घरी आला होता. एका रविवारी तिन्हीसांजेला अनोश "अर्ध्या तासात येतो" म्हणून मोटरसायकल घेऊन बाहेर पडला. अंकलीच्या पुलाअलीकडे रस्त्यात उसाची ट्रॉली उभी होती. तिला मागं लाल दिवा नव्हता, लाल चिंधीसुद्धा नव्हती. अनोश तिच्यावर मागून आदळला, तो जागीच गेला. वय एकतीस.

पंचनाम्यात एक वाक्य होतं. रस्त्यावर ब्रेक मारल्याची खूण नाही.

अपघाताचे पेशंट पाहण्यात जन्म गेलेल्या बाईला त्या वाक्याचे दोन अर्थ कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्यात अनोशच्या चाहत्यांपैकी कुणीतरी इंटरनेटवर नको ते लिहिलं, आणि शेजारच्या कुणीतरी ते सिस्टरना वाचून दाखवलं. त्यानंतर मी गेलो की त्या विचारायच्या, "सर, त्याला ट्रॉली दिसली नसेल ना?"

"दिसलीच नसणार सिस्टर. अंधार पडत होता, वर दिवा नाही."

"आणि अर्ध्या तासात येतो म्हणाला होता."

"म्हणाला होता ना. मग झालं तर."

त्या 'अर्ध्या तासा'वर त्या सात महिने तरल्या होत्या.

ऑगस्टातल्या त्या सकाळी अनोशचे चाहते पुण्याहून त्याचा बास बघायला येणार होते, म्हणून मी पेटी उघडली. आत निळ्या मखमलीवर तो पडला होता. काळा, जड, कोपऱ्यांवरचा रंग उडालेला. तारांना हवेतल्या ओलीनं किंचित तांबूस छटा आली होती. मी लाकूड पुसलं, मग तारा एकेक करून पुसल्या. पुसता पुसता अंगठ्यानं छेडून पाहिल्या. मधल्या दोन तारा जवळजवळ एकाच सुरात होत्या, पण पुरत्या मिळालेल्या नव्हत्या, एकमेकींना घासत कुरकुरत होत्या. मला वाटलं, एक घसरलेली दिसते.

चाळीस वर्षं मी मुलांना एक गोष्ट शिकवत आलो. वाद्याला बरेच दिवस हात लागणार नसेल, तर तारा उतरवून ठेवायच्या. ताण राहिला तर वाद्याची मान वाकते. आधी जाडी तार, मग तिच्या शेजारची, अशा क्रमानं, हळूहळू, एकदम नाही. शाळेत उन्हाळ्याची सुट्टी लागायच्या दिवशी आम्ही सगळे मिळून तंबोऱ्याच्या तारा उतरवायचो. मुलांना ते फार आवडायचं. "सर, तंबोरा झोपला," असं म्हणायची.

या बासला आता कोण हात लावणार होतं? मी त्याच्या खुंट्या फिरवल्या. आधी जाडी. मग दुसरी. तिसरी. चौथी. चारही तारा अशा ढिल्या झाल्या की बोटानं उचलाव्यात. एका पोराचं राहून गेलेलं काम आपण पुरं केलं, असं मला वाटलं. मी पेटी लावली आणि फडकं झटकून खिडकीत वाळत घातलं.

आत मिक्सर सुरू होता. सिस्टर शिऱ्यासाठी वेलची बारीक करत होत्या.

अकराला पाच कमी असताना दोघं आले. दोघंही काळ्या टीशर्टात. एक धिप्पाड, दाढीवाला, दंडावर गोंदण, छातीवर भली मोठी कवटी. त्यानं दारातच चपला काढल्या आणि सिस्टरना वाकून नमस्कार केला.

"काकू, मी बंट्या. म्हणजे बळवंत जगदाळे. चाकणला कंपनीत आहे. अनोशदादांच्या एकोणचाळीस कार्यक्रमांना हजर होतो."

"अरे बापरे. कान शाबूत आहेत का?" सिस्टर म्हणाल्या.

"डाव्यानं जरा कमी येतं."

सिस्टर हसल्या. मग त्याच्या छातीकडे निरखून बघत म्हणाल्या, "ही कवटी कुणी काढली रे? खालचा जबडा चुकलाय. असा जबडा असलेला माणूस शिरा नाही खाऊ शकणार."

दुसरी होती राही. तेवीस-चोवीस वर्षांची, किरकोळ, केस बारीक कापलेले. ती बास वाजवायची. 'अवकाळी'नं अनोशच्या जागी तिला घेतलं होतं, पण 'जागी' हा शब्द तिला चालत नव्हता. "मी तात्पुरती आहे," ती दोनदा म्हणाली.

सिस्टरनी त्यांना बसवलं. माझी ओळख करून दिली तशी राही उठूनच उभी राहिली.

"हेर्लेकर सर? तुम्हीच? तंबोरावाले सर?"

"आता शाळेतून सुटलोय. घरी चार मुलं येतात, तेवढंच."

"दादा सगळीकडे तुमचं नाव सांगायचे. ते म्हणायचे, मी लहानपणी गात नव्हतो, तंबोऱ्याच्या भोपळ्याला कान लावून बसायचो, आणि सर मला उठवायचे नाहीत."

खरं होतं ते. बाकीची मुलं गायची आणि हा भोपळ्याला बिलगून डोळे मिटून बसायचा. काय करतोस विचारलं तर म्हणायचा, "सर, खालचं ऐकतोय." बाजाची पेटी तर इतकी वाईट वाजवायचा की शेजारचे खिडकी लावून घ्यायचे. मी म्हणायचो, "छान झालं, अनोश. आता परत एकदा." मी सगळ्यांनाच छान झालं म्हणायचो. मूल घाबरलं की सूर पळतो, अशी माझी समजूत होती. अजूनही आहे.

सिस्टरना या मुलांकडून एकच गोष्ट हवी होती. त्यांनी ती पहिल्या पाच मिनिटांतच विचारली.

"तुम्ही त्याच्या बरोबर असायचा. शेवटी शेवटी तो खूश होता का रे?"

"एकदम मजेत होते काकू!" बंट्या म्हणाला. "डिसेंबरात नाशिकला आम्ही बारा जण एका जीपमध्ये होतो. दादा टपावर. माझी नोकरी गेली होती तेव्हा दोन महिने मी त्यांच्याच खोलीवर राहिलो. रोज सकाळी सहाला बास सुरू. मी म्हणायचो, दादा, झोपू द्या. तर म्हणायचे, हा तुझा गजर आहे, उठ आणि अर्ज लिही. तो आवाज पोटात वाजतो हो काकू, झोपताच येत नाही. सत्तावीस अर्ज लिहिले मी त्या आवाजावर."

"मला ते कधी भेटलेच नाहीत नीट," राही म्हणाली. "मी नववीत होते. घरात भांडणं चालायची. मी कानाला हेडफोन लावून पडायचे. सगळ्यांना गिटार ऐकू यायचं, मला त्याच्या खालचं ऐकू यायचं. वाटायचं, वरती काहीही तुटू दे, खाली कुणीतरी धरून उभं आहे. ते दादा होते."

सिस्टरनी पदर डोळ्यांना लावला. पण चेहरा मात्र कितीतरी दिवसांनी सैल झाला होता. "घ्या की अजून शिरा," म्हणत त्यांनी बंट्याच्या बशीत डाव रिकामा केला, आणि चहा टाकायला आत गेल्या.

राही माझ्याकडे सरकून बसली.

"सर, आम्ही कशासाठी आलो ते तुम्हाला सांगते. एक गाणं अर्धं राहिलंय. सगळ्यांचं वाजवून झालंय, फक्त दादांचा बास राहिलाय. ते मिरजेहून परतल्यावर वाजवणार होते. मला सूर माहीत आहेत, बोटं माहीत आहेत, पण ते तसं येतच नाही. कारण ते तारा वेगळ्या लावायचे. मधल्या दोन तारा जोडीनं, तुमच्या तंबोऱ्यासारख्या. पण पूर्ण मिळवायचे नाहीत, मध्ये एक बारीक फट ठेवायचे. त्यानं मागं एक घरघर चालू राहते. किती फट, ते त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. म्हणायचे, मी गेल्यावर मोजा."

"थट्टेत म्हणायचे," बंट्या म्हणाला.

"हो, थट्टेत. पण तो बास इथं आहे आणि त्यांच्यानंतर त्याला कुणी हात लावलेला नाही. सात महिन्यांत तारा थोड्या उतरल्या असतील, पण साधारण सगळ्या सारख्याच उतरतात. एकमेकींशी नातं कळेल." तिनं फोन काढला. "यात सूर मोजता येतो. दोन मिनिटांचं काम आहे."

माझे हात मांडीवर होते. मी त्या हातांकडे पाहत राहिलो. घसरलेली तार नव्हती ती. मुद्दाम तशी ठेवलेली होती. आणि ती जोडी त्यानं माझ्या तंबोऱ्यावरूनच नेली होती.

मला तिथंच बोलायला हवं होतं. चूक झाली की लगेच हात वर करा, असं मी किती मुलांना सांगितलं असेल! पण बंट्यानं तोवर पेटी उघडली होती.

राहीनं वाकून पाहिलं. तिनं एक तार दोन बोटांनी उचलली. ती वर आली, आणि सोडली तशी लाकडावर पडली. नुसता पट् असा आवाज झाला.

मग बंट्या हळूच म्हणाला, "सगळ्या?"

"सगळ्या," राही म्हणाली. ती जमिनीवरच बसली. "आपोआप इतक्या नाही उतरत. या उतरवल्यात."

"कोण उतरवेल?"

राही माझ्याकडे वळली. तिचा चेहरा बदलला होता. "सर, तो तुमचाच नियम ना? दादांनी एका मुलाखतीत सांगितलं होतं. सर म्हणायचे, वाद्याला बरेच दिवस हात लागणार नसेल तर तारा उतरवून ठेव. मग हसून म्हणाले होते, मी आयुष्यात कधी उतरवल्या नाहीत, कारण माझा हात रोज लागतो. ज्या दिवशी उतरवीन त्या दिवशी समजा, संपलं."

बंट्यानं दोन्ही तळहात डोळ्यांवर दाबले. "म्हणजे दादांना माहीत होतं. म्हणूनच बास घरी ठेवला. ते बास सोडून कुठं जायचे नाहीत कधी."

मागं कपबश्यांचा आवाज झाला. सिस्टर ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या. किती वेळ उभ्या होत्या, कोण जाणे. त्यांनी ट्रे टेबलावर नीट ठेवला, एक थेंब न सांडता. मग पेटीजवळ आल्या आणि ढिल्या तारांकडे बघत राहिल्या.

"अर्ध्या तासात येतो म्हणाला होता," त्या म्हणाल्या. "अर्ध्या तासात येणारा माणूस तारा उतरवून जातो का?"

बंट्या रडत होता. राही सिस्टरचा हात धरून बसली होती. खिडकीत ते पिवळं फडकं वाऱ्यानं हलत होतं आणि माझ्याशिवाय ते कुणालाही दिसत नव्हतं. दहा मिनिटं गेली असतील. चहावर साय धरली. वाचणाऱ्यानं मला काय म्हणायचं ते म्हणावं. मुलांच्या देखत चूक कबूल करायची मला लाज वाटली, बाकी काहीही कारण नव्हतं.

मग मी बोललो.

"सिस्टर, त्या मी उतरवल्या. आज सकाळी. तुम्ही फडकं दिलंत ना, तेव्हा."

तिघांनीही वर पाहिलं.

"सवयीनं उतरवल्या. अनोशचा काही संबंध नाही. मी पेटी उघडली तेव्हा चारही तारा चढवलेल्या होत्या. मधल्या दोन जोडीच्या होत्या. मी छेडून पाहिल्या."

राहीच्या डोळ्यांत क्षणभर काहीतरी चमकलं. "कशा होत्या? फट किती होती सर?"

मी तोंड उघडलं. सूर आठवायचा प्रयत्न केला. एक गुणगुणला, तो चुकला. दुसरा गुणगुणला. एखाद्या नवख्या पोरासारखा मी घसा साफ करत राहिलो. घसरलेली तार समजून मी कानाआड केलेला सूर तो, कुठून आठवणार?

राहीची नजर मऊ झाली. मला ती मऊ नजर ओळखू आली, कारण पेटी चुकणाऱ्या मुलांकडे मी तसाच बघायचो.

"जोडीचं तर मीच तुम्हाला आत्ता सांगितलं, सर," ती हलकेच म्हणाली.

"नाही, नाही. मी खरं बोलतोय. मीच उतरवल्या."

"मग मघाशीच का नाही बोललात?"

"लाज वाटली."

बंट्या उठून आला आणि आपला भला थोरला हात त्यानं माझ्या खांद्यावर ठेवला. "सर, तुम्ही फार मोठ्या मनाचे आहात. पण काकूंना खरं काय ते कळू दे. खरं लपवून काय होणार?"

"अरे, खरंच सांगतोय मी! सिस्टर, तुम्ही तरी सांगा. तुम्ही आत होता, मिक्सर चालू होता, म्हणून तुम्हाला कळलं नाही. ते बघा फडकं!"

सिस्टरनी फडक्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. किती शांत होत्या त्या. वॉर्डात एखाद्याला वाईट बातमी सांगताना अशाच होत असतील.

"पुसलंत तुम्ही, ते मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "पण सर, तुम्ही माझ्या अनोशच्या पेटी वाजवण्यालासुद्धा छान झालं म्हणायचात."



जाताना मी म्हणालो, "निदान तारा परत चढवून देतो."

"राहू द्या," त्या म्हणाल्या. "त्यानं ठेवल्यात तशाच राहू द्या."

त्यानंतर मी सिस्टरना पुष्कळदा सांगून पाहिलं. माझ्या नातवाची शपथ घेतली. राहीला चार पानी पत्र लिहिलं. तिचं उलट पत्र आलं, फार सुंदर अक्षरात. 'तुमच्यासारखे सर मिळाले म्हणून दादा घडले,' असं तिनं लिहिलं होतं. मी जितका पटवायला जाई तितका लोकांच्या नजरेत भला होत जाई. शेवटी मी थकलो. सिस्टरनी ट्रॉलीबद्दल मला परत कधी विचारलं नाही. त्या प्रश्नाचं उत्तर त्यांना मिळालं होतं.

या गोष्टीला आता बारा वर्षं झाली. दर जानेवारीत, त्या रविवारी दुपारी, अनोशचे चाहते मिरजेला येतात. पुण्याहून, नाशिकहून, बेळगावहून. पहिल्या वर्षी पंधरा होते, यंदा तीनशेच्या वर होते. शाळेच्या पटांगणात ते वाजवतात. आता नववी-दहावीतली पोरंपोरी येतात, ज्यांनी अनोशला कधी पाहिलंही नाही. ती भोपळ्याला कान लावून बसलेल्या मुलाची गोष्ट सांगतात आणि माझ्या पाया पडतात. शेवटी राही ते राहिलेलं गाणं वाजवते. दर वेळी खाली उतरून मला म्हणते, "अजून नाही सापडलं, सर."

आणि मग कार्यक्रमाचा शेवट होतो. त्यांची ती रीतच पडली आहे. भाषण नाही, घोषणा नाही. सगळे वाजवणारे उभे राहतात आणि आपापल्या वाद्याच्या तारा उतरवतात. तीसएक वाद्यं असतात. तारा सैल होतानाचा तो आवाज मोठ्या स्पीकरांतून पटांगणभर घरंगळत खाली खाली जातो, आणि थांबतो. पोरं रडतात. पहिल्या रांगेत सिस्टर आणि त्यांच्या शेजारी मी, अशा आमच्या खुर्च्या ठरलेल्या.

यंदा सिस्टरना नीट दिसत नव्हतं. त्या माझ्याकडे झुकल्या आणि पहिल्यांदाच त्यांनी विचारलं, "सर, त्यानं आधी कुठली उतरवली असेल हो?"

"जाडी," मी म्हणालो. "मी आधी जाडी उतरवली, सिस्टर."

त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला.

"हो," त्या म्हणाल्या. "तुम्हीच शिकवलंत ना त्याला."